कामठीहून आणलेला माणूस

एकाहत्तरच्या लढाईत नागपूरवर बॉम्ब टाकायला कुणी इतक्या लांब येईल, असं आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीत मनापासून कुणालाच वाटत नव्हतं. तरी हुकूम आला, तसा काचांना काळा कागद लागला. आईनं आणि मी गव्हाच्या पिठाची खळ करून सगळ्या खिडक्या बुजवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी उंदरांनी त्या खळीपायी कागदाच्या कडा कुरतडल्या. दिवस मावळला की दंडाला पट्टी बांधलेले स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत फिरायचे. आपल्याच गल्लीवर हुकमत गाजवायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती, ती ते कशाला सोडतात? कुणाच्या दारात विडीचं टोक दिसलं तरी आरडाओरडा. आणि शुक्रवारी आमच्या पाच घरांसमोर ते अंमळ जास्तच वेळ रेंगाळायचे.

आम्ही पाचही घरं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. बाप-आजा अलिबागकडचा, नोकरी रेल्वेची, घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे शब्बाथचा दिवा लागतो. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यात वात. एकदा लावला की तो फुंकून विझवायचा नाही, आपणहून शांत होऊ द्यायचा. आई तो उजेड असतानाच लावून खिडकी नसलेल्या कोठीत ठेवायची, म्हणजे बाहेर कवडसासुद्धा जाऊ नये. पण लढाईच्या दिवसांत लोकांना उजेडापेक्षा माणसं जास्त दिसतात. एका शुक्रवारी एक स्वयंसेवक सरळ आत शिरला, दिवा पाहून गुरगुरला, आणि मग बाबांच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक ओढून घेऊन त्यानं पानं उलटली. उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं पाहून तो म्हणाला, "हे तं उर्दू होय. कोनासाठी वाचून रायले?" बाबांनी हिब्रू म्हणून सांगितलं. त्यानं हिब्रू हे नाव उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "पोरगा फौजेत आहे माझा," बाबा शेवटी ओरडले, तेव्हा त्यानं पुस्तक टेबलावर टाकलं आणि गेला. आमची म्हातारी माणसं प्रार्थनामंदिराला मशीद म्हणायची. तो शब्द लढाई संपेपर्यंत घराबाहेर काढायचा नाही, अशी आम्हा मुलांना त्याच संध्याकाळी ताकीद मिळाली.

आता सत्तरी उलटल्यावर, टीव्हीवर इस्राएलच्या लढाया दिसू लागल्या की आमच्या सोसायटीतली माणसं लिफ्टमध्ये मला गाठून विचारतात, तुमच्या लोकांचं काय चाललंय? कुणी पाठ थोपटतं, कुणी तोंड फिरवतं. मी दोघांनाही सांगते, की बाई गं, मला आपल्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या पुढे काय चाललंय ते कळत नाही. त्यांचा विश्वास बसत नाही. परकं ठरवायचं ठरलं की माणसाचं गाव कुणी विचारत नाही, हे मी तेव्हाच शिकले. पण ह्या प्रकरणात मला बाहेरच्यांबद्दल लिहायचं नाही. बाहेरच्यांनी आमचं पुस्तक टेबलावर टाकलं, एवढंच. घरच्यांनी काय केलं ते लिहायचं आहे.

माझे बाबा मालधक्क्यावर हेडक्लार्क होते. रुंद खांदे, पांढरा सदरा, आवाज असा की चार डबे पलीकडच्या हमालाला ऐकू जावा. लाइनीत ते सर्वांचे लाडके होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. शेजारच्या सुमनबाईचं कुटुंब धम्मदीक्षा घेतलेलं. लाइनीतली काही घरं त्यांच्याकडे पाणी पीत नसत, तेव्हा बाबा मुद्दाम त्यांच्या ओसरीवर बसून मोठ्यानं चहा मागायचे. "माणसामाणसात भेद करतो तो माणूस नव्हे," असं म्हणायचे आणि बशीत ओतून फुरके मारायचे. आईचं सगळं आयुष्य चुलीपाशी. नागपुरात नारळ म्हणजे देवापुढे फोडायची वस्तू, आणि आई त्याचं दूध काढून त्यात मटण शिजवते ह्याचं शेजारणींना भारी नवल. मटणात दही घालणं आम्हाला चालत नाही, म्हणून नारळ. लढाई सुरू झाली तशी आई लाइनीतल्या बायकांबरोबर फलाटावर जायला लागली. सैनिकांच्या गाड्या थांबल्या की खिडक्यांतून पुऱ्या आणि संत्री द्यायची. प्रत्येक गाडीत ती शमूला शोधायची. शमू माझा मोठा भाऊ. तो कधीच पूर्वेच्या सीमेवर पोचला होता, तरी ती शोधायची.

इथं आमची एक रीत सांगायला हवी. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत. एक, दोन, तीन करून पोती मोजतात, ढोरं मोजतात. माणसं मोजायची तर दहा शब्दांचं एक हिब्रू वाक्य आहे. एकेका पुरुषाकडे हात करत एकेक शब्द म्हणत जायचं. वाक्य पुरं झालं तर दहा झाले, आणि दहा झाले तरच काही प्रार्थना म्हणता येतात. मेलेल्या माणसामागे म्हणायचा कद्दीश त्यातलाच. तेरा वर्षांवरचा मुलगा धरतात. बायका धरत नाहीत, मग त्यांना सगळं पाठ असो की नसो. आमच्याकडे मंदिर नव्हतं, आमची पुढची खोली हेच मंदिर, आणि मोजणी बाबांची.

शमू तेरा वर्षांचा होईपर्यंत लाइनीत नऊच पुरुष होते. दहावे कामठीचे रहामीमकाका. फौजेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवून निवृत्त झालेले, बोलणं अस्सल इकडचं, हसले की मिशी थरथरायची. पण ते काळे इस्राएल, आम्ही गोरे इस्राएल. कातडीचा ह्यात काही संबंध नाही. रहामीमकाका बाबांपेक्षा चांगले उजळ होते. कोण्या पिढीत कोणाची तरी आई बाहेरची होती म्हणे. कोणाची, ते सांगणारा मला अजून भेटायचा आहे. मुंबईत हे खूळ तेव्हाच मागं पडत चाललं होतं. नागपुरात मात्र आमच्याजवळ ना मंदिर, ना पैसा, ना कुणी मोठा माणूस. मग बाबांनी मिरवायला गोरेपण काढलं. एका मोठ्या सणाला मी स्वतः पाहिलं. बाबांचा हात एकेकावरून सरकत आला, नऊ शब्द झाले, रहामीमकाका समोरच टोपी घालून बसलेले, आणि बाबांचा हात त्यांच्यावरून तसाच पुढे जाऊन खिशात गेला. "आज दहा नाहीत," बाबा म्हणाले. खोलीतले बाकीचे आठही जण मूग गिळून बसले. रहामीमकाका उठून गेले आणि पुन्हा कधी आमच्या लाइनीत आले नाहीत. वर्षभरानं शमूला तेरा वर्षं पुरी झाली तेव्हा बाबांनी पेढे वाटले. म्हणाले, "आता कुणाच्या पाया पडायला नको."

शमूनं ते ऐकलं होतं. पुढं तो दर रविवारी सायकल घेऊन फुटबॉल खेळायला म्हणून कामठीला जायचा आणि परत यायचा तो तोंडाला रहामीमकाकांच्या घरच्या कलेजीचा वास घेऊन. आईला ठाऊक होतं. बाबांनाही असणार. घरात त्या विषयाला कुणी हात घातला नाही. फौजेत जायचं खूळही त्याला कामठीच्या छावणीतच लागलं, असं बाबा नंतर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

तार दुपारी आली. आई पुऱ्यांची कणीक मळत होती. बाबांनी तार वाचली आणि गळ्यापाशी सदरा धरून उभा फाडला, आमच्यात फाडतात तसा. आईनं कणकेचे हात तसेच ठेवून विचारलं, "आणतायत का त्याला?" आणत नव्हते. त्याला तिकडेच कुठंतरी मूठमाती दिली होती. मग आम्ही आरसा चादरीनं झाकला आणि जमिनीवर बसलो. सात दिवस बसायचं असतं. चूल पेटवायची नाही, पहिलं जेवण दुसऱ्याच्या घरचं. सुमनबाईनं उकडलेली अंडी आणली, कारण अंडी आमच्याकडे चालतात हे तिला माहीत होतं. बाबांनी अंडं हातात घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. मला त्या वेळी त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू?

पण रोज संध्याकाळी पुरुष जमायचे आणि रोज वाक्य नवव्या शब्दावर तुटायचं. शमू गेला आणि आम्ही पुन्हा नऊ झालो, आता कायमचे. बाबांनी मुंबईच्या नातलगांना तारा केल्या, पण गाड्या फौजेसाठी राखून ठेवलेल्या, येणार कसं? "थोडं थांबू," बाबा म्हणायचे, "वाट मोकळी झाली की मुंबईहून कुणी येईल, तेव्हा म्हणू." पुरुष माना डोलावून घरी जायचे. पोटच्या पोरामागे एक प्रार्थना म्हणायची राहून जात होती, आणि ह्यांना वाट मोकळी व्हायची घाई नव्हती.

सुमनबाई ताटं न्यायला आली तेव्हा तिनं आईला विचारलं, "तुमची पूजा काहून होऊन नाई रायली वं, बाई? रोज मानसं येते न् रोज वापस जाते."

"एक माणूस कमी पडतो," आई म्हणाली.

"मंग तो कामठीचा बँडवाला नाई का? तुमच्यातलाच हाये ना तो? शमू त्याच्याइथं जात होता."

आईनं ताटं पुढे सरकवली. मीच बोलले. रागानं बोलले, आणि सगळं बोलले. काळे कोण, गोरे कोण, हात कसा खिशात गेला, सगळं. सुमनबाईनं ऐकून घेतलं. मग ताटं एकात एक घालत ती म्हणाली, "म्हंजे तुमच्यातबी हाये हे." आणि बाबा पलीकडे भिंतीला टेकून बसले होते त्यांच्याकडे वळून, "अन् आमच्या वसरीवर बसून मोठ्यानं चहा मागत होते तुम्ही, भाऊ." ती गेली. पुढं कित्येक वर्षं ती आईशी तशीच प्रेमानं वागली, पण बाबांना तिनं पुन्हा चहा विचारला नाही.

सातव्या दिवशी सकाळी बसणं संपतं. थोडा वेळ बसून उठायचं, आणि मग घर पुन्हा सुरू. बाबा उठले. मी उठले. आई उठली नाही.

"ऊठ, सिम्हा," बाबा म्हणाले.

"कद्दीश होऊ दे. मग उठते."

"असं करता येत नाही. नियम आहे."

"नियम तुम्ही मला शिकवू नका. पोराला जमिनीत घालायला मी नव्हते. निदान जमिनीवर बसायला तरी असते."

दुपार झाली. तिनं पाणी घेतलं, अन्न घेतलं नाही. बाया येऊन समजावून गेल्या. बाबांनी आधी चढा आवाज लावला, मग देवाची शपथ घातली, मग नुसतेच येरझारा घालू लागले. ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. शेवटी बाबांनी फाटक्या सदऱ्यावर कोट चढवला आणि मला म्हणाले, "रिबका, चपला घाल." ते मला कशाला घेऊन गेले, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एकट्यानं त्या दारात उभं राहायची त्यांची छाती झाली नसावी.

कामठीची बस फौजी जवानांनी भरलेली होती. बाबा दांडीला धरून उभे, कोटाच्या आतून फाटका सदरा लोंबत होता, आणि एका जवानानं उठून त्यांना जागा दिली तर बसले नाहीत. छावणीमागच्या गल्लीत विणकरांच्या मागांचा खटखटाट इतका होता की दारावर थाप मारलेली ऐकू जाईना. रहामीमकाका खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, अडकित्ता खाली ठेवला, पण या म्हणाले नाहीत. बाबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"पोराचं ऐकलं," रहामीमकाका म्हणाले. "छावनीत बातमी आधी येते. मी वाट पाहून रायलो होतो, का कोनी सांगाले येईन."

"आज सातवा दिवस," बाबा म्हणाले. "कद्दीश व्हायला हवा."

"मंग करा ना. मले काहून सांगता?"

"माणूस कमी आहे."

"अस्सं! मागच्या खेपेले मी मानूस नव्हतो, आता झालो?"

बाबा उंबऱ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हे बोलतील. एक शब्द. चुकलो, एवढा. मी मनातल्या मनात त्यांना तो शब्द अक्षरशः ढकलत होते. ते फक्त म्हणाले, "हिची आई उठत नाही."

रहामीमकाका उठून खुंटीवरच्या टोपीपाशी गेले. टोपी हातात घेऊन ते बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. "येतो मी. तुमच्यासाठी नाई. त्या पोरानं माह्या घरी भाकर खाल्ली, त्याच्यासाठी येतो. पन मोजान तुम्ही. सगळ्याइसमोर, तुमच्याच तोंडानं, शेवटच्या शब्दापर्यंत. मंजूर असन तं सांगा."

"मंजूर," बाबा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते दोघं दोन टोकांना उभे होते आणि मी मधे. अंधार पडायच्या आत पोचायचं होतं, कारण शिट्ट्या सुरू झाल्या की स्वयंसेवकांनी एका खोलीत इतकी माणसं जमू दिली नसती.

पुरुष जमलेच होते. रहामीमकाका आत आले तसे सगळे उगाचच टोप्या नीट करू लागले. त्यांना भिंतीकडची शेवटची जागा मिळाली. टेबलावर प्रार्थनेनंतर घ्यायचं काळ्या मनुकांचं सरबत आणि हुंगायची सब्जाची पानं मांडलेली. आई आतल्या दाराशी जमिनीवर, आता तोंड खोलीकडे करून. बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पहिला शब्द म्हटला आणि मोजणी सुरू केली. एकेका शब्दागणिक हात पुढे सरकत होता. आवाज ठीक होता. सहा, सात, आठ झाले. नववा झाला. हात रहामीमकाकांच्या दिशेनं निघाला आणि मधेच अडला.

बाबांचं तोंड उघडं होतं. ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. ते रडत नव्हते, आजारी नव्हते, ते वाक्य विसरले नव्हते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते आणि मी शपथेवर सांगते, त्यांना तो म्हणायचा नव्हता. मेलेल्या मुलासाठीसुद्धा नव्हता म्हणायचा. पुष्कळांनी मला नंतर समजावलं, की दुःखानं जीभ जड होते. असेल. माझ्या आईची कशी झाली नाही मग?

हात खाली येऊ लागला. रहामीमकाका दाराकडे वळले.

तेवढ्यात आईनं दहावा शब्द म्हटला. जमिनीवरूनच, खणखणीत, रहामीमकाकांकडे हात करून. आमच्या खोलीत बाईच्या तोंडून तो कुणी कधी ऐकला नव्हता. एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. बाबा वळून म्हणाले, "सिम्हा, हे बायकांचं काम नव्हे."

"मग कद्दीश तेवढा तुम्ही म्हणा," आई म्हणाली. "नाहीतर तोही मला पाठ आहे."

रहामीमकाका दारात थबकले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. "तुमचं नाई ऐकत मी," ते बाबांना म्हणाले. "वहिनीनं मोजलं म्हनून थांबतो." आणि परत येऊन आपल्या जागी उभे राहिले.

बाबांनी कद्दीश म्हटला. आवाज चिरकत होता, दोनदा थांबले, पण पुरा म्हटला. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी 'आमेन' रहामीमकाकांचं यायचं, बँडमधल्या माणसासारखं, अचूक वेळेवर. संपल्यावर ते सरबताला थांबले नाहीत. आई भिंतीचा आधार घेऊन उठली. पाय आखडले होते, मी हात पुढे केला तो तिनं घेतला, बाबांनी केला तो घेतला नाही. रहामीमकाका पायरी उतरत होते, त्यांना ती म्हणाली, "भावजी, पोराचा कद्दीश महिनाभर म्हणायचा असतो."

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "उद्या येतो."

ते महिनाभर आले. लढाई संपली, काळे कागद निघाले, दिवे लागले, तरी येत राहिले. रोज संध्याकाळी बाबा छातीवर हात ठेवून मोजायला लागायचे, रोज नवव्या शब्दावर थांबायचे, आणि रोज दहावा शब्द आई म्हणायची. बाबांनी तो एकदाही म्हटला नाही.